राजेशमच्या बॉक्समधला आवाज

आमच्या गल्लीत कुणी नवीन राहायला आलं की थोड्याच दिवसांत मला हमखास विचारायचं, "बाई, तुमच्या शेजारचे अण्णा एकटेच कुणाशी भांडतात हो?"

राजेशमअण्णा भांडत नसत. ते बायकोशी बोलत असत. आमच्या दोन घरांत भिंत एकच, तीही पातळ. त्यांच्या घरातलं तेलुगू इतक्या वर्षांत मलाही कळायला लागलं होतं. त्यामुळे त्यांच्या संसारातलं निम्मं बोलणं मी रोज ऐकायची. "व्हय, आणतो की!" मग शांतता. "काल तर तूच नको म्हणालीस!" मग पुन्हा शांतता. "मीठ? मीठ बरोबर हाय!" हे सगळं इतक्या मोठ्यानं, की कोपऱ्यावरच्या किराणावाल्यालाही त्यांच्या आमटीतलं मीठ कळावं. पोशव्वाचे प्रश्न मात्र कधीच भिंतीपलीकडून आले नाहीत.

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. राजेशमअण्णा मिसरूडही फुटलेलं नसताना मागावर लागले. पत्र्याच्या शेडमध्ये शेजारी शेजारी यंत्रमाग धडधडत असतात, तिथं तोंडानं बोलून उपयोग नसतो. कामगार ओठांवरून आणि बोटांवरून बोलतात. दोन माग सोडून पलीकडचा माणूस चहाला चल म्हणतोय की त्याच्या साडूला मुलगा झाला म्हणतोय, हे त्यांना लांबून कळतं. त्या आवाजात वर्षं काढली की कान हळूहळू जातात. आधी बारीक आवाज जातात, पाखरांचे, बायकांचे, पोरांचे. मग बाकीचेही. अण्णांचं लग्न झालं तेव्हाच त्यांचे बारीक आवाज गेलेले होते.

पोशव्वा तेलंगणातल्या सिद्दीपेटकडची. सगळा जन्म मांडीवर सूप घेऊन विड्या वळण्यात गेला. आमच्यात बसली की तिचं तोंड चालू असायचं. तिचा आवाज बारीक, किंचित नाकातला, आणि वाक्य संपताना वर चढायचा, प्रत्येक वाक्य प्रश्न असल्यासारखा. नवऱ्याकडे वळली की मात्र आवाज बंद. ओठ तसेच चालू, बोटांत विडी तशीच फिरतेय, फक्त आवाज नाही. पुन्हा आमच्याकडे वळली की पुढचं वाक्य आवाजासकट. हे आम्ही रोज बघत होतो, म्हणून कुणालाच ते दिसत नव्हतं.

अण्णांचा कारखाना बंद पडला, माग भंगारात गेले, त्या दिवशी कामगारांनी आपापल्या आठवणीला काही ना काही उचलून आणलं. कुणी मागावर आडवं सूत नेणारा धोटा आणला, कुणी सूत गुंडाळायच्या कांड्यांची टोपली. अण्णांनी मालकाच्या ऑफिसातल्या कपाटावरचा काळा बॉक्स मागून घेतला. मालकाच्या मुलानं तो कधीतरी परदेशातून आणला होता. पाटावरवंट्यातल्या पाट्याइतका जड. वरच्या अंगाला एक खाच, खाचेत बारीक धातूचे दात, आणि त्या दातांवर हाताच्या पंजाएवढा एक गाण्यांचा प्लेअर उभा करायचा. याला डॉक म्हणतात हे मला पुढं तौसिफनं सांगितलं. आम्ही बॉक्सच म्हणायचो.

या बॉक्सचा खालचा आवाज फार भरदार होता. अण्णा तो जमिनीवर ठेवायचे, स्वतः पालथे पडायचे आणि जबडा त्याच्यावर टेकवायचे. मग गाणं त्यांच्या हाडांतून आत जायचं. मृदंग, ढोल, गाणाऱ्याचा खर्ज, एवढं त्यांना मिळायचं. शिबिरात फुकट मिळालेलं कानातलं यंत्र नुसतं शिट्ट्या मारायचं, ते त्यांनी कधीच डब्यात टाकलं होतं. पोशव्वा सूप बाजूला सारून आम्हाला दाखवायची, "बघा टीचर, घोरपड चिकटली!" आणि हसत सुटायची. अण्णा जबडा न उचलता ओरडायचे, "हसतीय का ही? मला दिसतंय बरं का!"

पुढं त्या प्लेअरची बॅटरी फुगली आणि तो बंद पडला. बॉक्स फळीवर गेला.

पोशव्वाच्या हृदयाची झडप खराब झाल्याचं निघालं, तेव्हा मुलगी श्रीलता तिला आपल्याकडे हैदराबादला घेऊन गेली. अण्णा तेव्हा एमआयडीसीत टॉवेलच्या गोदामावर रखवालदार होते. ऑपरेशनची तारीख ठरली की रजा घेऊन यायचं, असं ठरलं. जावयानं त्यांना एक नवा मोबाईल पाठवला, समोर चेहरा दिसतो तसला. रोज संध्याकाळी अण्णा ओट्यावर बसून पोशव्वाशी बोलत. तिकडून ती ओठ हलवायची, इकडून हे ओरडायचे. दवाखान्यात ठेवल्यावर शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटायचं, मोबाईल बिघडलाय. श्रीलता सांगायची, ती बाई रोज कळवळून म्हणायची, "अहो, तुमचा आवाज जात नाही वाटतं तिकडं!" आणि पोशव्वा खणखणीत आवाजात तिला उत्तर द्यायची, "त्यांना पोचतो!"

एका संध्याकाळी मोबाईलवर चेहरा सारखा अडकत होता. तेव्हा श्रीलतानं आईचं बोलणं व्हिडिओत घेतलं आणि पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पोशव्वा गेली. ऑपरेशनपर्यंत गोष्ट गेलीच नाही. अण्णा हैदराबादला पोचले ते थेट मातीला.

परत आल्यावर ते पुष्कळ दिवस घराबाहेर आले नाहीत. भिंतीपलीकडे पहिल्यांदाच बोलण्याच्या दोन्ही बाजूंची शांतता होती. मग एका सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. काखेत टॉवेलात गुंडाळलेला बॉक्स, हातात मोबाईल.

"बाई, हे त्येला जोडून द्या."

मी विचारलं, गाणी ऐकायचीत का? त्यांच्याशी बोलताना मी ओठ जरा जास्तच हलवते.

"शाळेत शिकवल्यागत वट हलवू नका हो, साधं बोला की. कळतं मला." मग खाली बसले. "गाणी न्हाय. ती हाय ह्यात."

तो व्हिडिओ त्यांनी कितीतरी वेळा पाहिला होता. तिच्या ओठांवरचा शब्द न् शब्द त्यांना पाठ होता. नळाला पाणी येईल त्या दिवशी पिंप भरून ठेव. येताना माझी हिरवी साडी आण. शेंगाची चटणी वरच्या डब्यात आहे, ती आधी संपव. "आनि आजून येक हाय," अण्णा म्हणाले, "ते तुमाला सांगायचं न्हाय." एवढ्या दुःखातही ते किंचित लाजले.

"पण बाई, आवाज मला ठावं न्हाय. नवी नवरी हुती तवा वरडायची, ते वरडणं ठावं हाय. बोलणं ठावं न्हाय. एवढा संसार झाला आनि माझ्या बायकूचा आवाज कसा हाय, ते गल्लीला ठावं, विडीच्या कारखान्यातल्या बायकांना ठावं, मला न्हाय. बॉक्सला जोडलं तर हितनं येईल." त्यांनी जबड्यावर बोट ठेवलं. "येकदा. येकदा आला तरी झालं."

मी म्हटलं, आधी बघू तरी. व्हिडिओ लावायला मी हात पुढं केला, तर त्यांनी मोबाईल छातीशी धरला. "आत्ता नको. बॉक्स झाल्यावर. पयला मी ऐकणार."

त्यांचं ते म्हणणं मला योग्यच वाटलं.

विजापूर वेशीजवळ तौसिफचं दुरुस्तीचं दुकान आहे. रेडिओ, टीव्ही, मिक्सर, जे येईल ते. तो माझा विद्यार्थी नव्हे, पण त्याची बायको फिरदोस होती, म्हणून मला मान. त्यानं टॉवेल उघडला आणि बॉक्सला हात जोडले.

"या अल्ला! मॅडम, हे कुठल्या जमान्यातलं काढलं? अण्णा, इसकू घर में रखो, शोकेस में."

अण्णांनी त्याचे ओठ वाचले. "शोकेस घरात न्हाय माझ्या. तू जोड."

"जोडायचं कसं? ह्याच्या डोक्यावरचे दात त्या जुन्या प्लेअरचे. तुमच्या मोबाईलला भोक एकच, तेही चार्जिंगचं. ह्याचं त्याच्याशी जमणार नाही. आजोबाचं लग्न नातीशी लावण्यातला प्रकार आहे हा."

पण माणूस हौशी. एक बोटाएवढा तुकडा त्यानं बाहेरून मागवला. तो त्या दातांवर बसवायचा, मोबाईलचा आवाज तो हवेतून पकडतो आणि बॉक्सला देतो, असं त्याचं म्हणणं. तुकडा आला, बसवला, निळा दिवा लागला. आम्ही तिघं दिव्याकडे बघत राहिलो. दिवा विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. "बॉक्स त्याला ओळखत नाही, मॅडम. त्याला आपला जुना दोस्तच पाहिजे."

अण्णांचा चेहरा बघवेना. ते बॉक्स टॉवेलात गुंडाळायला लागले. गुंडाळताना बॉक्स पालथा झाला आणि तौसिफनं त्यांचा हात धरला. मागच्या बाजूला, सुताच्या तुसानं बुजून गेलेलं एक गोल भोक होतं. कारखान्यातलं तूस, वर्षानुवर्षांचं. तौसिफनं सुईनं ते कोरून काढलं.

"लो! पाठीमागं दार उघडं आहे आणि आपण पुढून भिंत फोडतोय!"

त्या भोकात साधी वायर जाते. तिचं दुसरं टोक मोबाईलला लावायचं, तर मोबाईलला गोल भोक नाही, म्हणून मध्ये एक छोटा जोड लागतो. पहिला जोड आणला तो मुकाच निघाला. या मोबाईलला आत चिप असलेला जोड लागतो, साधा चालत नाही, असं नंतर कळलं. दुसरा यायला वेळ लागला. अण्णा रोज संध्याकाळी कामाला जाण्याआधी तौसिफच्या दुकानात जाऊन बसत. "मॅडम, ह्यांना सांगा की," तौसिफ मला म्हणाला, "गिऱ्हाईक आता ह्यांना मालक आणि मला नोकर समजायला लागलंय." अण्णांनी ते वाचलं आणि पोशव्वा गेल्यापासून पहिल्यांदा हसले.

जोड आला त्या दिवशी अण्णांनी सुट्टी घेतली. तौसिफ स्वतः बॉक्स घेऊन घरी आला. फळीवर पोशव्वाचा फोटो होता, खाली तिचं सूप भिंतीला उभं केलेलं. अण्णांनी जमीन पुसून ठेवली होती. तौसिफनं वायर लावली, कुठलं तरी ढोलाचं गाणं लावलं आणि बटण फिरवलं. जमीन हादरली. अण्णा पालथे पडले, जबडा टेकवला, आणि त्यांच्या पायाचा अंगठा आपोआप ताल धरू लागला.

"आलं?" तौसिफनं खाली वाकून तोंड दाखवलं.

"आलं की रे! लई आलं!"

तौसिफला त्यांनी जबरदस्तीनं चहा पाजला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दारापर्यंत सोडून आले. मीही उठले. तर म्हणाले, "बाई, तुमी थांबा. मला येतंय ते बरोबर येतंय का, ते कोण सांगणार?"

मग त्यांनी तोंड धुतलं. अंगातला शर्ट बदलला. मोबाईल सुपाला टेकवून उभा केला, स्वतः पालथे झाले, जबडा बॉक्सवर ठेवला, म्हणजे डोळे बरोबर तिच्या तोंडासमोर आले. आणि बोटानं व्हिडिओ चालू केला.

पोशव्वा खाटेवर बसली होती. नाकाला नळी, केस नीट विंचरलेले. तिनं थेट आमच्याकडे बघितलं आणि बोलायला लागली. ओठ भराभर चालले होते. बॉक्समधून पंख्याची घरघर येत होती, दवाखान्याच्या जुन्या पंख्याची असते तशी जड, एका लयीतली. लांब कुठंतरी भांडं पडलं. कुणाचं तरी मूल रडलं. पोशव्वाचा आवाज नव्हता.

मला आधी वाटलं, वायर सैल झाली. मी हात लांबवून ती घट्ट दाबली. तेवढ्यात बॉक्समधून एका नर्सचा आवाज आला, स्वच्छ, शब्द कळावेत इतका. वायर नीट होती. पोशव्वा नवऱ्याशी बोलत होती, आणि नवऱ्याशी ती बोलायची तशीच बोलत होती.

"येतंय!" अण्णा ओरडले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बाई, येतंय! असा हाय व्हय तिचा? एवढा भरलेला? मला वाटलं बारीक असंल."

मी वायरवरचा हात काढून घेतला. ते माझ्याकडे बघतच नव्हते.

व्हिडिओ संपत आला. पोशव्वानं मान वळवली, मोबाईल धरलेल्या मुलीकडे बघितलं, आणि तिचा तो बारीक, नाकातला, शेवटी वर चढणारा आवाज त्या खोलीत आला, "अय्यिंदा?" म्हणजे झालं का? तेवढंच. अण्णांच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. इतका बारीक आवाज त्या बॉक्समधून त्यांच्या हाडात जाणार नव्हता.

त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा तेच पाणी, तेच हसू. तिसऱ्या खेपेला त्यांनी जबड्याबरोबर तळहातही बॉक्सवर ठेवला. जन्मभर धावत्या मागावर हात ठेवून कुठला धागा तुटला ते ओळखणारा तो हात. व्हिडिओत मध्येच पोशव्वा दम घ्यायला थांबते. ओठ मिटलेले, छाती वरखाली होतेय. अण्णांनी तिथं व्हिडिओ मागं नेला. पुन्हा पाहिला. पुन्हा मागं नेला.

मग जबडा उचलला.

"बाई, ती थांबली तरी येतंय. हे काय वाजतंय?"

"पंखा," मी म्हटलं. म्हटलं म्हणजे ओठ हलवले. माझ्याही तोंडून आवाज निघाला नाही.

"आनि ती?"

मी नाही म्हणून मान हलवली.

ते उठून बसले. मग एरवीच्या मानानं हळू, म्हणजे कुणीही माणूस बोलतो तेवढ्याच आवाजात, म्हणाले, "मीच सांगितलं हुतं. नवी हुती तवा वरडायची. गल्लीतल्या बाया हसायच्या, पोशव्वाचं कालवण नवऱ्याआधी आमाला कळतं म्हणायच्या. मला लाज वाटली. म्हटलं, वरडू नको, नुसते वट हलव, मला कळतं. तवापासनं बंद केला तिनं. कदी चुकून सुदीक काढला न्हाय."

मी त्यांना शेवटच्या शब्दाचं सांगितलं. सांगावं की नाही, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. "अय्यिंदा" म्हणते, मुलीला म्हणते, मोठ्यानं. ते पुन्हा पालथे झाले. तेवढाच तुकडा लावत राहिले. बटण शेवटापर्यंत फिरवलं. जबडा, मग कपाळ, मग दात टेकवले. पंखा सगळ्या घरात घरघरायला लागला, फळीवरची भांडी थरथरली, आणि त्यावरून तो बारीक शब्द भिंती ओलांडून गेला असणार, कारण समोरची मायाक्का पदराला हात पुसत दारात आली. "अगं बाई, पोशव्वासारखं कुणी बोललं का गं?" ती मला म्हणाली.

अण्णांनी मायाक्काचे ओठ वाचले. मग बॉक्स बंद केला.

त्या रात्री मी श्रीलताला फोन केला. आईचा आवाज दुसरीकडे कुठं आहे का, तुझ्या लग्नाच्या कॅसेटमध्ये, कुठल्या मोबाईलमध्ये? ती आठवून आठवून थकली. लग्नात आई स्वयंपाकघरात होती. मोबाईलवर आई रोज बोलायची, पण बोलणं कोण ठेवून घेतं? मग ती रडायला लागली. व्हिडिओ घेतला तेव्हा ती तिथंच उभी होती. आई वडिलांशी अशीच बोलते, तिला त्यात काही वेगळं वाटलंच नव्हतं. आणि व्हिडिओत असता तरी तो बारीक आवाज अण्णांपर्यंत पोचला नसता, हे मी तिला सांगितलं नाही.

परवा मी डबा घेऊन गेले. अण्णा ओट्यावर बसले होते, मोबाईल शेजारी उपडा. मी विचारलं, व्हिडिओ बघता का अजून?

"न्हाय," ते म्हणाले. "आधी बघायचो तवा ती बोलत हुती, मला ऐकू येत नव्हतं येवढंच. आता बघतो तर ती बोलतच न्हाय, बाई."

बॉक्सची वायर त्यांनी काढली होती. कांडी भरताना सूत घेतात तशी ती बोटांवर आठच्या आकड्यात गुंडाळत होते, एकही वेढा दुसऱ्यावर न चढवता. तिला दोऱ्याची गाठ मारली, आत गेले आणि पोशव्वाच्या सुपात ठेवली. मी डबा फळीवर ठेवला. चटणीचा वरचा डबा तिथंच होता, भरलेला.

"जाताना दार लोटून घ्या," ते आतून म्हणाले. इतक्या हळू, की मला जेमतेम कळलं. घरी आल्यावर भिंतीला कान लावला, तर पलीकडून काहीच ऐकू आलं नाही.